शाळेतलं पालक मदत केंद्र: हेलपाटे वाचतात का?

विडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजार विड्यांचा. हजाराला आठ ते दहा तास लागतात, म्हणजे तासाला साधारण शंभर. मुलाच्या कागदासाठी तिचा अर्धा दिवस मोडला की चार-पाचशे विड्या कमी भरतात आणि ती घट थेट त्या आठवड्याच्या मजुरीत दिसते. सोलापूरच्या पूर्व भागात शाळेमध्ये पालकांना कागदपत्रं, सरकारी योजना आणि समुपदेशन यांत मदत करणारं केंद्र चालवायचं तर हा हिशेब आधी मांडावा लागतो. म्हणून या परीक्षणात मोजपट्टी एकच धरली आहे: केंद्रामुळे पालकाचे किती हेलपाटे वाचले? शिबिरं किती झाली, पाहुणे कोण आले, भिंती किती रंगवल्या, हे मोजलेलं नाही.

केंद्र पहिली ते आठवीच्या एका शाळेच्या आवारात आहे. शाळेचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. घरातल्या मारहाणीपासून मुलाच्या बोलण्यातल्या अडखळण्यापर्यंत सगळ्या गोष्टी घेऊन बायका तिथे जातात. त्या दारातून कोण आत गेलं याची चर्चा गल्लीत व्हायला नको. सेवा मोफत आहे. झेरॉक्सचेही पैसे घेत नाहीत, फक्त सरकारी शुल्क असेल तेवढं पालकाने भरायचं आणि त्याची पावती तिथल्या तिथे हातात मिळते.

दोन खोल्या आहेत. पहिलीत टेबल, संगणक, प्रिंटर, कुलपाचं कपाट आणि भिंतीला लागून सतरंजी. दुसरी लहान खोली समुपदेशनाची. पूर्णवेळ एक समन्वयक ताई, आठवड्यातून दोन दिवस येणारी समुपदेशक, आणि शाळेतल्याच मुलांच्या चार आया स्वयंसेविका म्हणून. या चौघींना मानधन मिळतं, आणि ते मिळतं म्हणूनच त्या टिकल्या आहेत. फुकट राबणारी आई दोन-तीन महिन्यांनी यायची थांबते, आणि तिच्या ओळखीने येणारी दहा घरंही तिच्याबरोबर तुटतात.

केंद्राची वेळ साडेदहा ते साडेपाच, गुरुवारी रात्री आठपर्यंत. वेळ ठरवताना डोकं लावलेलं आहे. सकाळी बायका कारखान्यात वळलेल्या विड्या देऊन पत्ती-तंबाखू घेऊन परततात, मग मुलाला शाळेत सोडतात. अकराच्या सुमाराला त्या फाटकाशी असतातच. गुरुवारची रात्र यंत्रमागावरच्या वडिलांसाठी आहे. त्यांची पाळी संपल्याशिवाय ते येऊच शकत नाहीत, आणि वडिलांची सही किंवा मोबाईल लागणारी कामं एरवी महिनोन्‌महिने लोंबकळत राहतात. एक गोष्ट मात्र वेळापत्रकात बसवलेली नाही. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी कुठलीही बाई घर सोडत नाही. स्वयंसेविकांना आपापल्या भागातली पाण्याची पाळी माहीत असते. त्याप्रमाणे बोलावण्याची तारीख दिली तर निम्म्या चुकलेल्या भेटी टळतील. आज तारीख कॅलेंडर पाहून दिली जाते आणि बाई आली नाही की रजिस्टरवर ‘अनुपस्थित’ असा शेरा पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

या केंद्राची खरी ताकद त्या रजिस्टरमध्येच आहे. शंभर पानी साधी वही, उभ्या रेघा मारून आठ रकाने: तारीख, पालकाचं नाव, मुलाची इयत्ता, काम काय, कुठल्या कार्यालयात, आज काय केलं, पुढची तारीख, आणि शेवटचा रकाना ‘हातात आलं’. बहुतेक मदत केंद्रांत अर्ज भरला की काम झालं असं धरतात. इथे अर्ज भरल्यावर शेवटचा रकाना कोराच राहतो. शिष्यवृत्तीचे पैसे पासबुकात छापून आले, दाखला घरी पोचला, मूल वर्गात जाऊन बसलं, तेव्हाच त्यात तारीख पडते. ताई रोज सकाळी पहिला अर्धा तास ‘पुढची तारीख’ या रकान्यावरून बोट फिरवते आणि त्या दिवशीच्या घरांना फोन लावते. याहून साधी आणि कामाची पद्धत दुसरी नाही. नवं केंद्र उघडणाऱ्यांनी इथून एकच गोष्ट उचलायची तर ही वही उचलावी.

तिची उणीवही सांगायला हवी. वही एकच, आणि ती ताईच्या हाताखाली. ताई रजेवर गेली की फोन थांबतात. स्वयंसेविकांना वही उघडायची परवानगी नाही, कारण त्यात खासगी मजकूर आहे. याला उपाय सोपा आहे: कामाची वही वेगळी आणि खासगी नोंदींची वही वेगळी. कामाच्या वहीत ‘उत्पन्नाचा दाखला, पुढची तारीख मंगळवार’ एवढंच असेल तर ती कुणीही चालवू शकेल.

आता कामांकडे. सगळ्यात जास्त वेळ नावांच्या दुरुस्तीत जातो, आणि हे पूर्व भागाचं खास दुखणं आहे. शाळेच्या रजिस्टरला आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम. आधारवर बऱ्याचदा नुसतं नाव आणि आडनाव. तेलुगू घरांत आडनावाचं नुसतं आद्याक्षर लावायची सवय, त्यामुळे बँकेत तिसरंच. त्यात इंग्रजी स्पेलिंग: एका कागदावर एक्सची लक्ष्मी, दुसऱ्यावर के-एस-एचची. माणूस वाचतो तेव्हा ती एकच लक्ष्मी असते. संगणकाला त्या दोन बाया वाटतात आणि अर्ज परत येतो.

केंद्राने दुरुस्तीचा एक क्रम ठरवला आहे आणि तो बरोबर आहे. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळेचं रजिस्टर, शेवटी बँक. उलट्या क्रमाने गेलं की प्रत्येक कागद पुन्हा बदलावा लागतो. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसेल, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असेल, तर नोंदणीपासून एका वर्षात विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. पूर्व भागात जुन्या बाळंतपणांचे असे बिननावाचे दाखले अजून निघतात, आणि मूल सातवी-आठवीत गेलं म्हणजे ही १५ वर्षांची मुदत फार लांब नसते. केंद्र आठवीच्या मुलांचे जन्मदाखले वर्षाच्या सुरुवातीलाच तपासून घेतं. हे काम डोळ्यांत भरत नाही, पण त्याची किंमत मोठी आहे. जन्माची नोंदच झालेली नसेल तर गोष्ट वेगळी. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. अंगणवाडीतल्या आयांना हे आत्ताच सांगायला हवं. केंद्र सांगतं, पण फक्त शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत. दोन गल्ल्या पलीकडच्या अंगणवाडीला हे माहीतही नाही.

शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंतच उरकून घ्यावी. दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की तीच दुरुस्ती शिक्षण खात्याच्या दारी जाते आणि वर्षभर चालते. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फाटकाजवळ लावलेलं आहे. अशा पाट्या अजून हव्यात.

दुसरं मोठं काम बँकेचं. पैसे मंजूर झाले, पोर्टलवर तसं दिसतंय, आणि पासबुकात काहीच नाही, ही तक्रार रोज येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि थेट लाभासाठी, म्हणजे सरकारी पैसे सरळ खात्यात यावेत म्हणून, आधार त्या खात्याशी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट लाभाचे पैसे आधारला शेवटी ज्या बँकेत जोडलं तिथेच जातात. आईने मध्येच कुठल्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत खातं काढून संमतीचा कागद दिला असेल तर पैसे तिकडे जमा होऊन पडलेले असतात आणि ती जुन्या बँकेच्या रांगेत उभी असते. केंद्रात ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहतात. ओटीपी आला तर पाच मिनिटांचं काम. मुलाच्या आधारला मोबाईल जोडलेलाच नसेल तर ते तिथे होत नाही, आधार सेवा केंद्र गाठावं लागतं. केंद्राने यासाठी महिन्यातून एकदा आधारचं यंत्र शाळेतच आणायची व्यवस्था केली आहे. त्याच दिवशी पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंदही नव्याने करून घेतात.

या यंत्रापाशी थोडा वेळ थांबलं तर पूर्व भागाचं सगळं दुखणं समोर दिसतं. आई पुढे येते, उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवते, पडद्यावर लाल खूण. पदराला बोटं पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा लाल. वर्षानुवर्षं पत्ती मुडपून आणि सूत ओढून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकावरच्या रेघाच झिजलेल्या असतात. यंत्र चालवणारा मुलगा घाईचा असला की ‘हात धुऊन या’ म्हणतो. हात धुऊन रेघा परत येत नाहीत. अशा वेळी डोळ्यांची नोंद किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय वापरायची असते. इथल्या एका स्वयंसेविकेला हे पक्कं माहीत आहे, ती लगेच पुढे होऊन म्हणते, “अक्काचे डोळे घ्या, बोटं येणार नाहीत.” ती नसते त्या दिवशी बायका परत जातात. यंत्र आणणाऱ्याला आधीच बजावून ठेवणं हे केंद्राचं काम आहे.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या कामगार कल्याण विभागाकडून शिष्यवृत्ती आहे. इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० ते २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, दर वर्षी. आई किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. इथे केंद्र शाळेत असण्याचा फायदा नेमका कळतो. बाहेरच्या सायबर कॅफेत अर्ज भरला तर तो पुढे शाळेच्या लॉगिनमध्ये जाऊन पडतो आणि मुख्याध्यापकांनी मुदतीत पडताळणी केली नाही तर तिथेच संपतो. पालकाला वाटतं सरकारने नाकारला. केंद्रातली ताई अर्ज भरते आणि त्याच आठवड्यात शाळेच्या लॉगिनची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवते. पडताळणी झालेल्या अर्जापुढे हिरवी टिकली, बाकीच्यापुढे काही नाही. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी कोऱ्या ओळी मोजल्या जातात. अडचण ओळखपत्राची. ओळखपत्रावरचं बाईचं नाव माहेरचं आणि आधारवरचं सासरचं असलं की गाडी पुन्हा नावांच्या दुरुस्तीवर येते. दुसरी अडचण घरच्या घरी दुसऱ्याच्या नावावर विड्या वळणाऱ्या बायांची. त्यांच्याकडे ओळखपत्रच नसतं, आणि केंद्र त्यांना ‘बसत नाही’ एवढंच सांगून परत पाठवतं. एवढ्यावर सोडून चालणार नाही. ओळखपत्र मिळवण्यासाठी काय लागतं याचा एक कागद तरी त्यांच्या हातात पडायला हवा.

वडील वारले, आई-वडील वेगळे झाले, घरात मोठं आजारपण आहे, अशा मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. विडीच्या घरात ही रक्कम मोठी आहे. मुलाचं आणि पालकाचं आधार, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, घरासमोर पालकासोबत मुलाचा फोटो. पुढे गृहभेट, बाल कल्याण समितीसमोर हजेरी, आदेश, मग पैसे. केंद्राचं काम इथे चांगलं आहे. शाळेच्या हजेरीपटावरूनच वडील नसलेल्या मुलांची यादी शिक्षिकांकडून घेतली जाते, आई मागायला यायची वाट पाहत नाहीत. समितीसमोर जायच्या दिवशी स्वयंसेविका सोबत जाते. नुसतं सोबत जाण्याने बराच फरक पडतो, कारण मराठी अडखळत बोलणारी बाई साहेबांसमोर गप्प बसते आणि अर्धी माहिती न सांगताच बाहेर येते.

‘लेक लाडकी’ योजनेचा फलक मात्र ताबडतोब बदलायला हवा. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १,०१,००० रुपये फलकावर ठळक आहेत. योजना १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, हे कुठेच नाही. त्यामुळे आज सहावीत असलेल्या मुलीची आई सात हजारांच्या आशेने कामाचा खाडा करून येते. या योजनेतली पहिलीतली मुलगी २०२९ च्या सुमाराला दिसेल. आज उपयोग आहे तो लहान बाळं असलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरांना, आणि त्यांचा अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत जातो. जन्मतारखेची एक ओळ फलकावर नसल्यामुळे किती हेलपाटे झाले असतील, याचा केंद्राने विचार करावा.

आरोग्याचा भाग आटोपशीर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्यांनी लिहून दिलेल्या मुलांपैकी दवाखान्यात खरंच कोण पोचलं हे केंद्राची वही सांगते. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. खोली तेवढी लांब नाही म्हणून तो व्हरांड्यात लावला आहे आणि फरशीवर रंगाने रेघ ओढली आहे. अगदी योग्य. वर्गात फळा दिसत नाही म्हणून ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसलेली मुलं या रेघेवर सापडतात. दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केंद्रातच होतो, पुढे सिव्हिल हॉस्पिटलची तपासणी. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, हे आधीच सांगतात. त्यामुळे अर्धवट आशा लावली जात नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, हे मात्र शिक्षकांनाच नीट माहीत नाही. वाचताना अक्षरं उलटीपालटी करणारं मूल ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं जातं आणि केंद्रापर्यंत येतच नाही.

समुपदेशनाबद्दल कठोर लिहावं लागेल. लहान खोलीला दार आहे, पण वरची झडप काचेविना उघडी आणि पलीकडे शिक्षकांची बसायची जागा. आत काय बोललं ते बाहेर ऐकू येतं. बायकांना हे पहिल्या भेटीतच कळतं आणि मग त्या फक्त मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलतात. झडपेला प्लायवूड ठोकणं आणि बाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवणं एवढ्याने हा प्रश्न सुटतो, खर्च किरकोळ. दुसरी चूक याहून गंभीर. भिंतीवर लिहिलं आहे, ‘तुम्ही सांगितलेलं कुणालाही कळणार नाही.’ असं वचन देता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकही त्यातून सुटत नाही. पहिल्याच भेटीत हे सौम्य शब्दांत सांगायचं असतं: “ताई, तुमचं बोलणं इथेच राहील, फक्त मुलाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मला कळवावं लागेल.” वचन देऊन मोडलं तर ते घर पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेले आहेत. ज्याने ही जागा सुचवली त्याला मुलींचं मन कळतं.

भाषा हा पूर्व भागातला कळीचा मुद्दा. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी. केंद्राने सुरुवातीला तेलुगू लिपीत पत्रकं छापून घेतली आणि ती गठ्ठ्याने पडून आहेत. इथल्या कित्येक पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात पण वाचतात देवनागरी, कारण शाळा मराठीतून झाली. आता केंद्र पत्रकांऐवजी मोबाईलवर एक-दीड मिनिटाचे ध्वनिसंदेश पाठवतं, तेलुगू, उर्दू आणि मराठीत, स्वयंसेविकांच्याच आवाजात. ओळखीच्या आवाजातला संदेश सूप मांडीवर घेऊन हात चालू असतानाही ऐकता येतो. कन्नडमधला संदेश अजून निघत नाही; अक्कलकोट रस्त्याच्या बाजूची घरं त्यामुळे सुटतात.

पहिलीच्या आधीच्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातले माता गट केंद्राने वर्षभर चालू ठेवले आहेत. मेळाव्यात सात टेबलं असतात: नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांचं मार्गदर्शन. मेळावा झाला की बहुतेक ठिकाणी साहित्य कपाटात जातं. इथे पाच-सहा आयांचा गट दर पंधरवड्याला कुणाच्या तरी ओट्यावर बसतो. साहित्य विकतचं नाही. चिंचोके, आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून उरलेली रंगीबेरंगी बटणं. बटणं रंगाने वेगळी करायची, मग भोकांनी, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे, मग दहा-दहाच्या ढिगाऱ्या. वर्गीकरण, जोडी लावणं, मोजणं, सगळं त्यात आलं. तीन वर्षांखालच्या भावंडांपासून बटणं दूर ठेवायची, तोंडात घालतात. हे प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावून लिहिलं आहे. गट ओट्यावर बसतो तेव्हा तंबाखूचं सूप घरात ठेवायचं असा नियम आयांनीच केला आहे.

आता कारभार. शाळेत असं कुटुंब केंद्र असावं ही कल्पना अमेरिकेतल्या केंटकी राज्याने १९९० च्या शिक्षण सुधारणा कायद्यात घातली. तिथल्या केंद्राच्या सल्लागार मंडळात किमान एक तृतीयांश पालक लागतात आणि शाळेचे कर्मचारी एक तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाहीत. आपल्याकडे त्यासाठी नवी समिती काढायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. या शाळेतही समिती आहे, पण केंद्राची वही समितीपुढे कधी ठेवली जात नाही. महिन्याला किती कामं उघडली, किती ‘हातात आलं’पर्यंत पोचली, कुठल्या कार्यालयात सर्वात जास्त अडली, हे तीन आकडे, नावांशिवाय, बैठकीत वाचून दाखवले तर समितीला सही करण्यापलीकडे काम मिळेल. एका कार्यालयात पंधरा कामं अडली आहेत असं समितीचं पत्र गेलं की त्याला वजन असतं. ताईच्या फोनला तेवढं नसतं. केंद्राचा पैसा आज देणग्यांवर आहे आणि तो दर मार्चला डळमळतो. समिती सोबत असेल तर शाळेच्या आराखड्यात निदान वीज, इंटरनेट आणि प्रिंटरची शाई तरी बसवता येईल. शाई संपल्यामुळे आठवडाभर काम थांबणं हे इथे वर्षातून दोन-तीनदा होतं.

स्थलांतरित घरांकडे कमी लक्ष आहे. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी किंवा बांधकामावर शहरात येणारी मुलं मधूनच गळतात. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. शिक्षण हक्क कायद्याची कलमं ५ आणि १४ स्पष्ट आहेत. केंद्राने ही दोन कलमं मराठीत छापून शाळेच्या कार्यालयातल्या लिपिकाच्या टेबलावर ठेवली तर फाटकावरूनच परत जाणारी घरं आत येतील.

गुण द्यायचे तर पाठपुराव्याला पाचपैकी पाच, कागदपत्रांच्या कामाला चार, माता गटांना साडेचार, समुपदेशनाला दीड, फलकांवरच्या माहितीला दोन. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली दुपारी बसवत नाही. त्या दिवसांत केंद्र सकाळच्या शाळेबरोबर साडेसातला उघडतं, पण हा बदल फाटकावर लिहिलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी: मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि दोन्ही पालकांचं आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि विडी कामगार ओळखपत्र असेल तर तेही न्या. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद तिथे ठेवून येऊ नका, दाखवून परत घ्या; केंद्रही ठेवून घेत नाही. पासबुक आधी बँकेत छापून घ्या, जुन्या नोंदींवरून काही कळत नाही. अकरा ते साडेबारा गर्दी असते, तीननंतर रांग नसते. आधारला जोडलेला मोबाईल सोबत हवाच, कारण ओटीपी त्यावरच येतो. तो नवऱ्याच्या खिशात असेल तर गुरुवारी रात्री दोघांनी मिळून जा.